फोडण्याआधी तपासणारा मिस्त्री हवा

पत्र: "सहकारनगरमधल्या जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर मी आणि माझी ८२ वर्षांची आई राहतो. इमारत १९८८ची. आमच्या कॉमन बाथरूममधून खालच्या काकूंच्या छताला ओल येते. मे महिन्यात एक जण बघायला आला आणि पाच मिनिटांत म्हणाला, फरशीचे सांधे गेलेत. १४ हजार आधीच घेतले, दीड दिवसात सांध्यांमध्ये पांढरं सिमेंट भरलं आणि गेला. जुलैत ओल परत दिसली, आता तो फोन उचलत नाही. शिवाय गिझरचं सॉकेट तापतं, करपल्यासारखा वास येतो. सिंकखालचा अँगल कॉक गळतो. बाथरूमचं दार पावसात अडकतं. भरवशाचा एक माणूस मिळाला तर ही सगळी कामं त्यालाच देईन. तो शोधायचा कुठे आणि ओळखायचा कसा?"
एक वाचक, पुणे

ताई, माणसाचं नंतर बघू. आधी गिझर. करपल्याचा वास येणारं सॉकेट आजपासून वापरायचं नाही. त्या लाईनचा एमसीबी (बोर्डावरचा, जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) खाली पाडा आणि त्यावर चिकटपट्टी लावून 'चालू करू नये' असं लिहून ठेवा. घरात आई आहेत, सवयीने हात जातो. अंघोळीचं पाणी चार दिवस गॅसवर तापवा.

दोन किलोवॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर करंट ओढतो, तीन किलोवॅटचा १३. एवढा करंट जात असताना सॉकेटमागचा स्क्रू जरासा ढिला असला तरी त्या टोकाशी तार तापते, तापून काळी पडते आणि काळी पडली की आणखी तापते. नुसतं सॉकेट बदलून करपलेलं टोक तसंच नव्या सॉकेटमध्ये खुपसलं तर थोड्याच दिवसांत वास परत येणार. लखलखीत तांबं दिसेपर्यंत तार मागे कापायला हवी. वरचं आवरण कडक होऊन तडकलं असेल तर बोर्डापासून नवीन तार ओढायला हवी. गिझरला २.५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक तार नको, तीन किलोवॅटचा असेल तर ४ ची घ्या. तुमच्या इमारतीच्या वयाची मूळ तार ॲल्युमिनियमचीही असू शकते. तिला तांब्याची तार नुसती पिळून जोडली की तो सांधा हमखास खराब होतो. तेव्हा तार कशाची आहे हे वायरमनला बोर्ड उघडल्यावर आधी बघायला सांगा.

'एमसीबी सारखा पडतो' म्हणून १६ च्या जागी ३२ चा बसवून देणारे बरेच भेटतात. अशा माणसाला दुसऱ्यांदा बोलावू नका. एमसीबी तारेच्या रक्षणासाठी असतो. तार तीच ठेवून तो मोठा केला तर तार जळायला लागली तरी तो पडत नाही. याहून घातक एक प्रकार आहे. अर्थिंग नसेल तेव्हा सॉकेटच्या आतल्या आत अर्थच्या पिनला न्यूट्रलची तार जोडून देतात. वरवर सगळं सुरळीत चालतं. पण पुढे कधी न्यूट्रल तुटला की गिझरच्या बॉडीत थेट करंट येतो, आणि माणूस तेव्हा ओल्या अंगाने नळाला हात लावून उभा असतो. म्हणून वायरमनकडे मल्टिमीटर आहे का ते बघा, नुसत्या टेस्टरवर हे कळत नाही. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट, असे तीन आकडे त्याने तुम्हाला दाखवायला हवेत. मात्र न्यूट्रल-अर्थ नेमका शून्य आला तर सॉकेट उघडून अर्थची तार खरंच बोर्डापर्यंत जाते का ते बघायला लावा, कारण आत दोन्ही पिना जोडलेल्या असल्या तरी शून्यच येतो. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट बाहेर गळू लागला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर याच वेळी बसवून घ्या, आणि बसवल्यावर तिचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का ते तुमच्यासमोर बघा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. 'सगळ्या कामांना एकच माणूस' ही अपेक्षा सोडा, बरीचशी फसवणूक तिथूनच सुरू होते. पडद्याचा रॉड, टॉवेल स्टँड, नळाचा वॉशर, कडी-कोयंडा यांना ऑलराउंडर चालतो. पण तुमच्या यादीत तीन वेगवेगळे धंदे आहेत. गिझरची लाईन वायरमनची, गळती प्लंबर आणि गवंडी यांची मिळून, दार सुताराचं. स्विच किंवा पंखा बदलणं वेगळं. नवीन लाईन टाकणं, वायरिंगमध्ये फेरफार करणं हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच व्हावं असा नियम आहे, आणि तो बिनकामाचा नाही. 'तुमच्याकडे वायरमनचा परवाना आहे का, नसेल तर कोणाच्या परवान्याखाली काम करता?' हे विचारायला संकोच करू नका. ज्याच्याकडे आहे तो आनंदाने दाखवतो.

मे महिन्यात आलेला माणूस लबाड होता की नुसताच अडाणी, ते सांगता येणार नाही. पण त्याने जे केलं ते टिकणारं नव्हतं. पांढरं सिमेंट वाळताना आकसतं आणि त्याला बारीक भेगा पडतात. रोज पाणी पडणाऱ्या फरशीत ते काही महिन्यांत भुगा होऊन निघतं. त्याहून मोठी चूक म्हणजे गळती कुठून आहे हे त्याने तपासलंच नाही. बाथरूमची गळती तीन ठिकाणांहून होते: भिंतीतली पाण्याची लाईन, नहाणी ट्रॅप (जाळीखालचा, पाणी अडवून ठेवणारा भाग) आणि ड्रेनेजची लाईन, किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. पावसाळ्यात चौथं कारण असतं, बाहेरच्या भिंतीची भेग. चारही ठिकाणांहून आलेली ओल खालच्या छतावर सारखीच दिसते.

म्हणून माणूस शोधण्याआधी दोन-तीन दिवस स्वतः तपासणी करा, त्याला पैसा लागत नाही. खालच्या काकूंच्या परवानगीने त्यांच्या छतावरच्या ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. फोटो काढून ठेवा. पुढच्या प्रत्येक चाचणीनंतर ओल रेघेबाहेर गेली का, एवढंच बघायचं.

पहिली चाचणी बंद बाथरूमची. तुमच्याकडे दुसरं बाथरूम आहे असं गृहीत धरते. कॉमन बाथरूमचा स्टॉप कॉक बंद करा आणि दोन दिवस आत पाण्याचा थेंब सांडू नका. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी एकदम थांबत नाही, त्यामुळे निष्कर्षाला ४८ तास द्या. टपकणं कमी झालं तर तिसऱ्या दिवशी स्टॉप कॉक उघडा, पण नळ कोणताही उघडू नका आणि फरशी कोरडीच ठेवा. नुसत्या उघड्या लाईनवर ओल पुन्हा वाढली तर गळती दाबाच्या लाईनमध्ये आहे. १९८८ची इमारत म्हणजे भिंतीत बहुधा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, आणि तो आतून गंजत आलेला असतो. स्टॉप कॉक बंद असूनही टपकणं जराही कमी झालं नाही, आणि पावसाच्या सरीनंतर वाढलं, तर बाहेरची भिंत किंवा सामाईक पाइप तपासायला सोसायटीला लेखी कळवा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंतीची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चात येते. संडास, बाथरूम, सिंक यांच्या आतल्या गळतीची दुरुस्ती सदनिकाधारकांनी करायची असते.

दुसरी चाचणी ड्रेनेजची. फरशी कोरडी ठेवून, पाइपच्या तुकड्याने दोन बादल्या पाणी थेट नहाणीच्या जाळीत सोडा. पाण्यात खाण्याचा लाल रंग घाला. खाली लाल छटा दिसली किंवा तासाभरात ओल वाढली तर ट्रॅपचा सांधा गेलाय. फरशीला हात लावायची गरज कदाचित तेवढ्या एका फुटातच पडेल.

तिसरी फरशीची. प्लास्टिकच्या पिशवीत कापड कोंबून तो बोळा नहाणीच्या तोंडात घट्ट बसवा आणि इंचभर पाणी साठवा. सहा बाय चार फुटांच्या बाथरूमला साधारण ५५ लिटर, म्हणजे नेहमीच्या चार बादल्या लागतात. भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करा आणि २४ तास थांबा. खाली जोरात टपकायला लागलं तर लगेच बोळा काढा. ही चाचणी सगळ्यात शेवटी करायची, कारण हिच्यात ट्रॅपचा सांधाही भिजतो. दुसरीत काही निघालं नसेल तरच हिचा अर्थ लावता येतो.

हा तीन ओळींचा निकाल हातात असला की समोरचा माणूस ओळखणं फार सोपं होतं. तुम्ही त्याला विचारायचं, "फोडण्याआधी तुम्ही काय काय तपासाल?" चांगला मिस्त्री हेच टप्पे आपल्या भाषेत सांगेल, तुमची पेन्सिलची रेघ बघायला खाली जाईल, स्टॉप कॉक कुठे आहे विचारेल. दारात उभ्या उभ्या "सगळं फोडावं लागेल" किंवा "वरून केमिकल मारून देतो, दहा वर्षं बघायला नको" म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

शोधायचं कुठे? सगळ्यात आधी तुमच्याच वयाच्या इमारतींमध्ये. शेजारच्या सोसायटीतल्या लोकांना "कोणी चांगला आहे का?" असं विचारू नका, त्यावर सगळेच हो म्हणतात. विचारायचं ते हे: "तुमच्या कामाला एक पावसाळा उलटून गेलाय का? काही बिघडलं तेव्हा तो परत आला का? आला तेव्हा पैसे मागितले का?" या प्रश्नांची उत्तरं सांगणारी दोन घरं मिळाली तर निम्मं काम झालं. दुसरी जागा म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी असलेलं हार्डवेअर-सॅनिटरीचं दुकान. कोणता प्लंबर उरलेला माल प्रामाणिकपणे परत आणतो आणि कोणाच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी येतात, हे गल्ल्यावरच्या माणसाला नेमकं माहीत असतं. काही ठिकाणी माल खपवल्याचं कमिशन मिस्त्रीला मिळतं हेही लक्षात ठेवा. त्यावर उपाय पुढे सांगते. तिसरा, तुमच्या सोसायटीच्या पंपाचं आणि टाकीचं काम बघणारा माणूस. इमारतीच्या पाइपांची नस त्याला ठाऊक असते, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा याच फाटकातून आत यायचं असल्यामुळे तो सहसा पळत नाही.

मोबाइल ॲपवरून येणारी माणसं नळ बदलणं, गिझर टांगणं अशा ठरीव दराच्या कामांना सोयीची आहेत. गळतीचं मूळ शोधायला मात्र नकोत, कारण प्रत्येक वेळी वेगळा माणूस येतो आणि त्याच्याकडे तासाभराचाच वेळ असतो. मजूर अड्ड्यावरून माणूस आणायचा तो राडारोडा उतरवण्यापुरता. वॉटरप्रूफिंगसाठी ओळख नसलेला गवंडी तिथून उचलू नका.

दोघा-तिघांना घरी बोलावून बघा. दिवसाउजेडी बोलवा, आणि त्या वेळी शेजारचं कोणी तरी सोबत असू द्या. वॉचमनच्या वहीत नाव आणि फोन नंबर लिहिला गेला पाहिजे. मोठं काम देणार असाल तर ओळखपत्राची प्रत मागा. आधारच देत असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार पुरतं, म्हणजे त्याचीही माहिती सांभाळली जाते. घराची किल्ली द्यायची नाही. काम चालू असताना आईंची खोली आणि कपाटं कुलपात ठेवा, आणि हे कामाच्या आदल्या दिवशीच करा. मिस्त्रीसमोर कुलपं लावत फिरलं तर चांगल्या माणसाचा अपमान होतो.

पसंत पडलेल्याला लगेच बाथरूम देऊ नका. आधी तुमचा गळका अँगल कॉक द्या. हे वीस मिनिटांचं काम आहे, पण जवळ बसून बघितलंत तर माणूस पुरता कळतो. तो आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करतो आणि खालचा एखादा नळ उघडून लाईनमधलं पाणी काढतो का? सिंकच्या भोकावर ताटली किंवा फडकं ठेवतो का, म्हणजे वॉशर आत पडत नाही? सगळ्यात महत्त्वाचं, जुना कॉक फिरवताना मागचा पाइप किंवा निपल (आट्यांचा छोटा जोडतुकडा) दुसऱ्या पान्याने धरून ठेवतो का? तुमच्याकडे जुना जीआय आहे. एकाच पान्याने जोर लावला तर भिंतीतलं गंजलेलं निपल आतच तुटतं, मग टाइल फोडावी लागते आणि वीस मिनिटांच्या कामाला दोन दिवस लागतात. जाणता प्लंबर जोर लावण्याआधी तुम्हाला सांगतो, "ताई, आटा गंजलाय, तुटू शकतो, तुटलं तर एवढं काम वाढेल." हे आधी सांगणं आणि तुटल्यावर सांगणं यातच भरवशाचा फरक आहे.

पुढे टेफ्लॉन टेप. आटे ज्या दिशेने आवळले जातात त्याच दिशेने दहा-बारा वेढे, ताणून. उलट्या दिशेने गुंडाळली तर कॉक फिरवताना टेप गोळा होऊन बाहेर येते आणि महिनाभरात सांधा पाझरतो. क्रोमच्या कॉकला पाना लावताना मध्ये फडकं आहे का, तेही दिसेल. पाणी चालू केल्यावर त्याला दहा मिनिटं थांबवा आणि सांध्याखाली वर्तमानपत्राचा कोरडा कपटा धरा. बोटाला न कळणारा पाझर कागदावर लगेच दिसतो. जुना कॉक त्याने तुमच्या हातात दिला, खालचं पाणी पुसलं, वेळेवर आला आणि सांगितलेल्याच मजुरीवर काम संपवलं, तर हा माणूस पुढच्या कामाला घ्या. त्याची मजुरी त्याच मिनिटाला द्या, घासाघीस न करता. चांगली माणसंही गिऱ्हाईक पारखत असतात, आणि ज्या घरी पैशासाठी तीन चकरा माराव्या लागतात तिथे ती पुन्हा येत नाहीत.

चाचणीत दाबाची लाईन दोषी निघाली तर जीआयला तुकडा जोडून डागडुजी करू नका. एक ठिकाण दुरुस्त केलं की पाइप शेजारी फुटतो. बाथरूमपुरती लाईन सीपीव्हीसीत (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपात) बदला. पाइपावर आयएसआय चिन्ह आणि आयएस १५७७८ हा क्रमांक छापलेला असतो तो बघा. भिंतीत जाणाऱ्या लाईनला एसडीआर ११, म्हणजे जाड कडेचा पाइप घ्या, आणि जिथे नळ बसणार तिथे पितळी आट्यांचीच फिटिंग घ्या. नुसत्या प्लास्टिकच्या आट्यात नळ आवळला की ते तडकतं. सॉल्व्हंट सिमेंट सीपीव्हीसीचंच हवं, हाताशी आहे म्हणून पीव्हीसीचं लावलेलं चालत नाही. सुकायचा वेळ डब्यावर लिहिलेला असतो, शक्य असेल तर रात्रभर लाईन बंद ठेवा. मग हातपंप लावून १० किलोचा दाब देऊन तासभर पंपावरच्या दाबमापकाचा काटा बघायचा. काटा उतरला तर गळती आहे. ही चाचणी भिंत बुजवण्याआधी तुमच्यासमोर झाली पाहिजे. ज्याच्याकडे हातपंप नाही त्याने भाड्याने आणावा, पण "आमच्या कामाला टेस्टिंग लागत नाही" हे ऐकून घेऊ नका.

फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलं असेल तर काम मोठं आहे आणि त्याचा क्रम मोडता येत नाही. फरशी आणि जुना कोबा (फरशीखालचा सिमेंटचा थर) स्लॅबपर्यंत काढायचा, स्लॅब धुऊन घ्यायचा. नहाणी ट्रॅप नवीन बसवायचा, त्यात ५० मिलिमीटर पाणी उभं राहील असा, नाहीतर वास आणि झुरळं येतात. ट्रॅपच्या भोवतीची पोकळी साध्या मालाने भरली की ती आकसून गोल भेग पडते, आणि जुन्या बाथरूममध्ये सगळ्यात जास्त पाणी याच गोल भेगेतून खाली जातं. तिथे न आकसणारं ग्राऊटच हवं. भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलाई) मारून घ्यायचा, कारण काटकोनात कोटिंग चिरतं. त्यावर पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. भिंतीवर चहूबाजूंनी किमान फूटभर, शॉवरखाली सहा फुटांपर्यंत. दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो. तो न पाळता एकाच दुपारी दोन्ही हात उरकणं ही नेहमीची पळवाट आहे. कोटिंग वाळलं की ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरायचं आणि ४८ तास ठेवायचं. खाली काकूंच्या छताला थेंब नसेल तरच पुढचा कोबा आणि फरशी. कोबा जाळीच्या दिशेने प्रत्येक फुटाला साधारण पाव ते अर्धा सेंटीमीटर उताराचा. फरशीत दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवून एपॉक्सी ग्राऊट. ते महाग वाटतं, पण तुमचे १४ हजार पांढऱ्या सिमेंटपायीच गेलेत.

माल स्वतः घ्या, मजुरी वेगळी ठरवा. कमिशनच्या प्रश्नावर हाच उपाय आहे. मिस्त्रीकडून कंपनी, माप आणि नगांसकट यादी लिहून घ्या. विजेचं सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, हार्डवेअर रविवार पेठेत बोहरी आळीत बघता येईल, घराजवळच्या दुकानातही चालेल. जाताना शक्य असेल तर मिस्त्रीला सोबत न्या, पण पैसे तुम्ही द्या आणि पक्कं बिल तुमच्या नावावर घ्या. उरलेला माल परत घेणार का, हे दुकानदाराला आधीच विचारा. मिस्त्रीने जीएसटीचं बिल दिलं नाही तर लगेच संशय घेऊ नका. वर्षाला २० लाखांच्या आत सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. सही केलेली साधी पावती तरी घ्याच.

मजुरी उक्ती ठरवा, रोजंदारीवर नको. रोजावर काम लांबतं आणि तुम्हाला रोज डोक्यावर उभं राहावं लागतं. पैसे टप्प्यांनी: सुरुवातीला २० टक्के, लाईनची दाबाची चाचणी आणि ४८ तासांची पाण्याची चाचणी झाल्यावर ४० टक्के, फरशी-ग्राऊट संपल्यावर ३० टक्के, आणि उरलेले १० टक्के महिन्याने, छत कोरडं दिसल्यावर. माल तुमचा असताना कोणी निम्म्याहून जास्त उचल मागत असेल तर दुसरा बघा. हे सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि त्याचा 'हो' घ्या. मजकूर असा चालेल:

"दादा, आज ठरल्याप्रमाणे: कॉमन बाथरूमचा कोबा काढून नवीन ट्रॅप, वॉटरप्रूफिंगचे दोन हात, ४८ तास पाणी भरून चाचणी, नंतर कोबा, फरशी आणि एपॉक्सी ग्राऊट. माल माझा. मजुरी एकूण रुपये ___, चार टप्प्यांत २०-४०-३०-१० टक्के. राडारोडा पोत्यांत भरून खाली उतरवणं आणि गाडीने नेणं तुमच्याकडे. काम ___ तारखेला सुरू, ___ दिवसांत पूर्ण. एका वर्षात याच बाथरूममधून खाली गळती झाली तर मजुरी न घेता दुरुस्ती. वाढीव काम निघालं तर आधी दर सांगून मगच करायचं. मान्य असेल तर कळवा."

राडारोड्याची ओळ गाळू नका. दुसऱ्या मजल्यावरून पोती उतरवायची कोणी आणि न्यायची कुठे, यावर शेवटच्या दिवशी हमखास भांडण होतं. रात्री कुठल्या तरी ओढ्याच्या कडेला टाकून येणारा ठेकेदार तर नकोच. तोडफोडीच्या वेळा सोसायटीत विचारून घ्या आणि सचिवांना लेखी कळवा.

बाथरूम होईल तेव्हा गिझर पुन्हा बसवताना एक बघा. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब थेंब गळतं, ते गळायलाच हवं. आतला दाब तिथून सुटतो. "टपकतंय" म्हणून त्याला डमी (बंद टोपण) मारून बंद करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा, टाकी फुटू शकते. तिथून एक बारीक नळी जाळीपर्यंत सोडून घ्या.

गेलेल्या १४ हजारांबद्दल. पैसे कसे दिले, यूपीआयने की रोख? यूपीआयची नोंद, त्याचे मेसेज, कामाचे आणि आताच्या ओलीचे फोटो एकत्र करा. त्याला लेखी मेसेज पाठवा की १५ दिवसांत येऊन दुरुस्त करा किंवा पैसे परत करा. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सेवाच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तुम्हाला वेळ आहे. मात्र बाथरूम पुन्हा फोडण्याआधी आताच्या स्थितीचे तारखेसह फोटो घ्या, शक्य असेल तर दुसऱ्या मिस्त्रीकडून दोन ओळी लिहूनही घ्या. एकदा फरशी काढली की तुमचा पुरावा त्या पोत्यांबरोबर जाईल.

खालच्या काकूंचं छत लगेच रंगवून देऊ नका, त्या कितीही घाई करोत. स्लॅब वाळायला किमान महिना जातो. ओल्या स्लॅबवर पुट्टी-रंग लावला तर तो फुगून पापुद्रे निघतात, आणि तुमचं काम फसलं असा समज होतो. पेन्सिलची रेघ तोवर पुसू नका.

राहिलं दार. सुताराला आत्ता रंधा मारू देऊ नका. लाकूड पावसाळ्यात दमट हवा पिऊन फुगतं. आज कड तासून बसवलंत तर मार्चच्या कोरड्या हवेत तेवढीच फट पडेल आणि कडी चौकटीत पोहोचणार नाही. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू बघायला सांगा. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार खाली बसलं असेल तर भोकात फेव्हिकॉल लावलेली लाकडाची काडी ठोकून, सुकल्यावर अर्धा इंच जास्त लांबीचे स्क्रू मारले की दार उचललं जातं, तासायची गरजच उरत नाही. त्यानंतरही अडकलं तर कडेला मेणबत्ती घासून दिवाळीपर्यंत काढा. हवा कोरडी झाल्यावर मात्र दार उतरवून त्याच्या खालच्या कडेला ऑइल पेंटचे दोन हात द्या. पाणी बहुतेक तिथूनच वर चढतं, आणि ती कड रंगवायची जवळजवळ प्रत्येक घरात राहून गेलेली असते.